घरच्या संगणकाची नेमाची कामे काळ्या खिडकीतून करून घेता येतील का?

प्रश्न : जुनाहिशेबनीस

नमस्कार मंडळी,

१९९० च्या सुमारास मी एका पतसंस्थेत हिशेबनीस होतो, तेव्हा संगणक म्हणजे काळा पडदा, त्यावर ‘सी:\>’ आणि शेजारी लुकलुकणारी रेघ, एवढीच आमची ओळख होती. खतावणी फॉक्सप्रोमध्ये चालायची आणि दिवसाचा हिशेब मिटला की ‘कॉपी’ ही आज्ञा टंकून फ्लॉपीवर नक्कल काढल्याखेरीज घरी जायचे नाही, असा आमचा दंडक होता. पुढे माऊस आला आणि ती विद्या गंजून गेली. आता साताऱ्यात घरी विंडोज ११ असलेला डेस्कटॉप आहे. मी, सूनबाई आणि आठवीतला नातू असे तिघे आपापल्या खात्यांतून तो वापरतो.

चार कामे रोज किंवा आठवड्याला हाताने करावी लागतात आणि त्यांचा आता कंटाळा आला आहे. रात्री मोठ्या फायलींची नक्कल लावून मी झोपायला जातो आणि संगणक सकाळपर्यंत विनाकारण चालू राहतो. दर रविवारी डी ड्राइव्हवरचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायला तासभर जातो, आणि कुठले फोल्डर झाले, कुठले राहिले याचा पत्ता लागत नाही. नातवाने संध्याकाळी पाच ते आठ एवढाच वेळ संगणकावर बसावे असे घरात ठरले आहे, पण ते ठरावापुरतेच उरले आहे. शिवाय २४० जीबीची सी ड्राइव्ह सतत भरल्याची तक्रार करते. रॅम १६ जीबी आहे.

यासाठी निरनिराळी सॉफ्टवेअरे टाकण्याऐवजी ही कामे त्या काळ्या खिडकीत, म्हणजे ‘कमांड प्रॉम्प्ट’मध्ये, थेट आज्ञा टंकून होतील का, आणि माझ्यासारख्याने त्या वाटेला जाणे कितपत सुरक्षित आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : प्रॉम्प्टपंत

नमस्कार. चारही कामे होतील आणि बाहेरून काहीही आणावे लागणार नाही. आज्ञा मी इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहितो. टंकताना अक्षरे आणि आकडे दोन्ही रोमन घ्यावेत, आणि तिरकी रेघ पुढे झुकलेली की मागे झुकलेली याकडे लक्ष द्यावे.

सोप्यापासून सुरुवात करू. ‘शटडाउन /एस /टी ५४००’ ही आज्ञा दिली की दीड तासाने संगणक बंद होतो, कारण ‘टी’च्या पुढचा आकडा सेकंदांत असतो. विचार बदलला तर ‘शटडाउन /ए’ ने तो बेत रद्द करता येतो. मात्र एक गोष्ट या आज्ञेच्या पोटात दडलेली आहे: ‘टी’च्या पुढे शून्याहून मोठा आकडा असला की ‘चालू असलेले प्रोग्राम सक्तीने बंद करा’ हा अर्थ तिच्यात आपोआप येतो, मग ‘/एफ’ आपण लिहिलेले असो वा नसो. म्हणजे कुणाचे पत्र न साठवता उघडे राहिले असेल, तर वेळ भरल्यावर संगणक काही न विचारता ते तसेच मिटवून टाकेल. त्यामुळे ही आज्ञा देण्यापूर्वी इतर खात्यांत कुणाचे काम उघडे नाही ना, ते पाहावे.

खरे तर रात्रीच्या कामासाठी अंदाजाने वेळ देणेच चुकीचे आहे, कारण नक्कल दीड तासात संपेल की तीन तासांत, हे आधी कुणी सांगावे? दोन आज्ञा एकाच ओळीत लिहून त्यांच्यामध्ये ‘अँड’चे एकेरी चिन्ह घातले, तर पहिली संपल्यावरच दुसरी सुरू होते. म्हणून आधी नक्कल करणारी आज्ञा, मग ते चिन्ह आणि शेवटी ‘शटडाउन /एस /टी ६०’ असे लिहावे. चिन्ह दुहेरी घातले तर पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी चालते, आणि ते ऐकायला अधिक शहाणपणाचे वाटते. पण नक्कल करणारी ‘रोबोकॉपी’ फायली नीट उतरल्यावर १ हा आकडा परत देते आणि खिडकीच्या लेखी शून्य म्हणजेच यश असल्यामुळे दुहेरी चिन्हाने संगणक रात्रभर चालूच राहतो. याचा उलगडा होईपर्यंत मी दोन रात्री घालवल्या आहेत. रोबोकॉपीच्या हिशेबात ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही फायली उतरल्या नाहीत असे समजावे.

आता सी ड्राइव्हविषयी. विंडोज हायबरनेशनसाठी (उघडे काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्याच्या सोयीसाठी) सी ड्राइव्हवर ‘हायबरफिल’ नावाची एक लपलेली फाइल राखून ठेवते आणि तिचा आकार साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असतो, म्हणजे तुमच्याकडे सहा जीबीच्या थोडे वर. शोधपेटीत ‘सीएमडी’ टंकून, समोर आलेल्या नावावर राइट क्लिक करून, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ हा पर्याय निवडावा आणि त्या खिडकीत ‘पॉवर’ला सी, एफ, जी ही तीन अक्षरे सलग जोडून पुढे ‘/एच ऑफ’ लिहावे. फाइल तत्क्षणी जाते आणि ‘ऑन’ लिहिल्यास परत येते. याने ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद होतो, त्यामुळे संगणक सुरू व्हायला काही सेकंद जास्त घेईल, एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क, असेल तर ते जाणवेलच असे नाही. लॅपटॉप असता तर मी हे सुचवले नसते, कारण बॅटरी संपत आली की उघडे काम वाचवायला तिथे हीच सोय धावून येते.

रविवारच्या नकलेचे मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे त्यात पोळलेले एक सदस्य आहेत, त्यांनीच लिहावे.

उत्तर २ : एकदाचपोळलो

पंतांनी नाव घेतलेच आहे, तर सांगतो.

रोबोकॉपी विंडोजबरोबर येतेच, आणि तिची खुबी अशी की एकदा सगळे उतरवून झाले की पुढच्या वेळी फक्त नव्या आणि बदललेल्या फायलीच ती हलवते. तुमचे तासाचे काम दोन-चार मिनिटांवर येईल. रचना अशी: आधी ‘रोबोकॉपी’, मग जिथून न्यायचे ते ठिकाण, मग जिथे ठेवायचे ते ठिकाण आणि शेवटी सूचना. ‘/ई’ म्हणजे आतल्या फोल्डरांसकट सगळे घ्या. ‘/मिर’ म्हणजे आरसा धरा, अर्थात दुसरीकडे पहिल्यासारखेच सर्व असावे, आणि पहिल्याकडे जे नाही ते दुसरीकडून काढून टाकावे.

चार वर्षांपूर्वी मी नवी कोरी डिस्क आणली आणि वडिलांच्या जुन्या पत्रांची स्कॅन केलेली चित्रे तिच्यावर उतरवण्यासाठी ‘/मिर’ वापरले. घाईत ठिकाणांची अदलाबदल झाली आणि एन्टर मारला. आज्ञेच्या दृष्टीने तिने काहीच चूक केली नाही. कोऱ्या डिस्कवर काहीही नव्हते, म्हणून तिने मूळ फोल्डरही तसेच कोरे केले. पडद्यावर ओळी भराभर वर सरकत होत्या आणि मी त्या ‘कॉपी होत आहेत’ असे समजून चहा घ्यायला गेलो. या मार्गाने पुसलेल्या फायली रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. पत्रांचे मूळ कागद ट्रंकेत होते म्हणून निभावले, पण स्कॅनिंगची तीन आठवड्यांची मेहनत पुन्हा करावी लागली.

तेव्हापासून कोणतीही रोबोकॉपी मी आधी ‘/एल’ लावून चालवतो. ‘/एल’ लावले की ती एकाही फाइलला हात लावत नाही, नुसती यादी दाखवते: कोणती नवी, कोणती बदललेली आणि कोणती दुसरीकडे ‘एक्स्ट्रा’ म्हणून आढळली. ‘/मिर’ लावलेले असेल तर ही ‘एक्स्ट्रा’ म्हणजे फाशीची यादी समजावी. ती नीट वाचावी, पटली तर बाणाची वरची कळ दाबून तीच ओळ परत आणावी आणि ‘/एल’ तेवढे खोडून एन्टर मारावा. यादी लांब असेल तर शेवटी ‘मोठे आहे’चे चिन्ह आणि एका फाइलचे नाव लिहिले की पडद्यावरचे सगळे त्या फाइलीत उतरते, मात्र एकेरी चिन्हाने त्या नावाची आधीची फाइल पुसली जाते आणि दुहेरी चिन्हाने मजकूर तिच्या शेवटी जोडला जातो, हे ध्यानात असू द्यावे.

आणखी एक. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रामने धरून ठेवली असेल, तर रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, तब्बल दहा लाख वेळा, तिच्यासाठी पुन्हा प्रयत्न करते. मूळ नेमणूकच तशी आहे. अशा एकाच फाइलीपायी ती आज्ञा जवळजवळ वर्षभर अडून राहील. म्हणून ‘/आर:२ /डब्ल्यू:५’ एवढे जोडावे, म्हणजे पाच-पाच सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहून ती पुढे जाईल.

उत्तर ३ : संध्याकाळची_आई

काका, नातवाच्या वेळेपुरते मी लिहिते, कारण हा प्रयोग आमच्याकडे होऊन गेला आहे.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत नुसते ‘नेट यूजर’ लिहिले की संगणकावरच्या खात्यांची नावे दिसतात. मग ‘नेट यूजर’, पुढे मुलाच्या खात्याचे नाव आणि ‘/टाइम्स:एम-एफ,१७:००-२०:००’ असे लिहिले की सोमवार ते शुक्रवार पाच ते आठ याच वेळेत त्याला खाते उघडता येते. शनिवार-रविवार मोकळे ठेवायचे असतील तर तेही त्याच ओळीत अर्धविराम देऊन लिहावे लागतात, नाहीतर त्या दिवशी दार बंदच राहते. वेळ पूर्ण तासांचीच घेता येते, साडेपाच वगैरे चालत नाही. आणि ‘टाइम्स’च्या पुढे काही न लिहिता एन्टर मारलात तर त्याचा अर्थ ‘सदैव बंदी’ असा घेतला जातो. सगळे पूर्ववत करायला ‘/टाइम्स:ऑल’ आहे. खाते याच संगणकापुरते, म्हणजे लोकल असायला हवे.

पण या आज्ञेने फक्त आत येण्याची वेळ ठरते. पावणेआठला आत आलेल्याला आठ वाजता कुणी बाहेर काढत नाही. त्यासाठी आम्ही वेळापत्रकाची आज्ञा जोडली: ‘टास्क्स’च्या आधी एस, सी, एच लावून ‘/क्रिएट’, ‘/टीएन’च्या पुढे कामाचे नाव, ‘/टीआर’च्या पुढे अवतरणात ‘शटडाउन /एस /टी ३००’, मग ‘/एससी डेली /एसटी २०:००’ आणि शेवटी ‘/आरयू सिस्टिम’, म्हणजे कुणाचेही खाते उघडे असले तरी ते काम होते. आठला सूचना आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पडदा काळा. शटडाउनला ‘/सी’ लावून अवतरणात संदेशही देता येतो. आमच्याकडे रोज ‘पाने वाढली आहेत’ असे झळकत असे.

‘असे’ म्हणते आहे, कारण तिसऱ्याच दिवशी चिरंजीवांनी ‘शटडाउन /ए’ शोधून काढले. साध्या खात्यालाही घरच्या संगणकावर तो अधिकार असतो. आता आम्ही मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली खात्यातून वेळ ठरवतो. त्यासाठी मुलाचे ऑनलाइन खाते काढावे लागते, पण वेळ मोजण्याचे काम ते या आज्ञांपेक्षा नेटके करते. प्रत्येक गोष्ट काळ्या खिडकीतूनच झाली पाहिजे असा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

उत्तर ४ : पेंग्विनवाला

थोडे विषयाच्या कडेने. कुणी जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून हेच करणार असेल, तर तिथल्या ‘शटडाउन +९०’ मधला आकडा मिनिटांचा असतो, सेकंदांचा नव्हे, आणि रद्द करण्यासाठी ‘-सी’ आहे. विंडोजच्या सवयीने मी एकदा ५४०० लिहिले आणि पावणेचार दिवसांची मुदत देऊन बसलो. रोबोकॉपीच्या जागी तिथे ‘आरसिंक’ असते आणि ‘/एल’च्या जागी ‘-एन’.

प्रश्नकर्ता : जुनाहिशेबनीस

सर्वांचा आभारी आहे. आठ दिवस प्रयोग करून हे लिहीत आहे.

‘हायबरफिल’ काढल्यावर सी ड्राइव्हवर सव्वासहा जीबीच्या आसपास जागा मोकळी झाली. रात्रीचे काम एकेरी चिन्हाने सुरळीत चालले आहे. नातवाच्या बाबतीत ताईंचा सल्ला मानून मी वेळापत्रकाच्या भानगडीत न पडता फक्त ‘नेट यूजर’ लावले आहे. आठ वाजले की मी स्वतः जाऊन उभा राहतो.

नकलेचे मात्र सविस्तर सांगायला हवे. आरसा ही कल्पना मला हिशेबनिसाच्या वृत्तीने फार आवडली होती, दोन्ही वह्या तंतोतंत जुळल्या पाहिजेत म्हणून. तरीही ‘एकदाचपोळलो’ यांचे ऐकून आधी ‘/मिर’ला ‘/एल’ जोडले आणि यादी फाइलीत उतरवली. ठिकाणे बरोबर होती. पण यादीत तीन हजारांवर फायलींपुढे ‘एक्स्ट्रा’ लिहिलेले होते आणि फोल्डरांची नावे दिसत होती २०१४ ते २०१७ या वर्षांची. सूनबाईंना विचारले, तेव्हा कळले की डी ड्राइव्ह भरली म्हणून त्यांनी मागच्या दिवाळीत ते जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर ‘हलवले’ होते. म्हणजे नातवाच्या बारशापासूनचे... चुकलो, त्याच्या पहिल्या वाढदिवसापासून शाळेच्या पहिल्या वर्षापर्यंतचे सर्व फोटो त्या एकाच डिस्कवर आहेत, आणि मी ‘/एल’ न लावता एन्टर मारला असता तर दोन्ही वह्या जुळल्या असत्या खऱ्या, पण त्यांतली चार वर्षे कोरी निघाली असती.

मी ‘/मिर’ सोडून ‘/ई’ धरले आहे. आता दोन अडचणी उरल्या. आमच्या काही फोल्डरांची नावे मराठीत आहेत आणि ती खिडकीत चौकोन-चौकोन दिसतात. त्यांची नक्कल होते आहे की नाही? आणि डिस्क कधी ‘ई’ म्हणून लागते, कधी ‘एफ’ म्हणून. मध्यंतरी तर ‘ई’च्या जागी नातवाचा पेन ड्राइव्ह होता.

उत्तर ५ : अक्षरजुळणी

मी पुण्यात डीटीपीचे काम करते, त्यामुळे मराठी नावांच्या फायलींशी रोजच गाठ पडते. चौकोनांना घाबरू नये. जुन्या काळ्या खिडकीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नसतात म्हणून चौकोन दिसतात. फाइलीचे नाव डिस्कवर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतात, जसेच्या तसे असते आणि नक्कलही बिनचूक होते. फाइल एक्सप्लोररमध्ये उघडून पाहावे, नाव मराठीतच दिसेल.

अडचण येते ती आज्ञा बॅच फाइलीत, म्हणजे ओळीने चालवायच्या आज्ञांच्या साध्या फाइलीत, लिहून ठेवताना. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘एएनएसआय’ निवडले, तर ‘डी:\लग्नाचे फोटो’ मधल्या मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि रोबोकॉपी तसले फोल्डर नसल्याची तक्रार करते. ‘यूटीएफ-८’ निवडावे आणि बॅच फाइलीच्या अगदी पहिल्या ओळीत ‘सीएचसीपी ६५००१’ लिहावे, म्हणजे खिडकी पुढचा मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचते. ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असाही एक पर्याय दिसेल, तो घेऊ नये, कारण त्याने फाइलीच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट चिकटतात आणि पहिलीच ओळ ‘अशी आज्ञा ओळखता येत नाही’ म्हणून फसते. फोल्डरच्या नावात जागा सोडलेली असेल तर पूर्ण ठिकाण अवतरणचिन्हांत घालावे, आणि बंद होणाऱ्या अवतरणाच्या लगेच आधी उलटी तिरकी रेघ ठेवू नये; रोबोकॉपी त्या जोडीचा भलताच अर्थ लावते.

उत्तर ६ : एकदाचपोळलो

काका, ती यादी वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

डिस्कच्या अक्षरासाठी माझी युक्ती साधी आहे. बाहेरच्या डिस्कवर ‘खूण’ नावाची एक रिकामी टेक्स्ट फाइल ठेवावी. नाव रोमनमध्येच ठेवावे, उगीच परीक्षा नको. बॅच फाइलीत ‘सीएचसीपी’च्या खाली दुसरी ओळ: ‘इफ नॉट एक्झिस्ट ई:\खूण.टीएक्सटी एक्झिट /बी’. म्हणजे ‘ई’वर ती खूण नसेल तर इथूनच परत फिरा. तिसऱ्या ओळीत रोबोकॉपी ‘/ई /आर:२ /डब्ल्यू:५’ सह आणि चौथ्या ओळीत शटडाउन. खूण सापडली नाही तर चौथी ओळही चालत नाही, त्यामुळे सकाळी संगणक चालू दिसला की डिस्क लागली नव्हती किंवा अक्षर बदलले होते, हे खिडकी न उघडताच कळते. अक्षर कायमचे बांधून टाकायचे असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये त्या डिस्कला शेवटचे एखादे अक्षर, समजा ‘डब्ल्यू’, देऊन ठेवावे. मग पेन ड्राइव्ह सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तसे केल्यास बॅच फाइलीतही सगळीकडे ‘ई’च्या जागी ‘डब्ल्यू’ करायला विसरू नये.

आणि २०१४ ते २०१७ चे ते फोल्डर आज रात्रीच आणखी एका डिस्कवर उतरवून घ्या. ठिकाणे उलटी करून नव्हे. तिसरी डिस्क लावून.

प्रश्नकर्ता : जुनाहिशेबनीस

तिसरी डिस्क सूनबाईंनी काल आणली. आधी ‘/एल’ लावून यादी काढली, फायलींची संख्या जुन्या यादीशी ताडून पाहिली, मग ‘/ई’ने उतरवले, रात्री पावणेबाराला नक्कल संपली आणि मिनिटाभरात संगणक बंद झाला. बॅच फाइल नातवाने टंकली, कारण रोमन अक्षरे माझ्याहून तो भराभर टंकतो. ‘शटडाउन /ए’ त्याला आधीच ठाऊक होते.